केबलवरचा चिवट चिकटा आणि संत्र्याच्या तेलाचा क्लीनर

आरओव्हीच्या, म्हणजे वरून केबलने चालवल्या जाणाऱ्या पाण्याखालच्या बिनमाणसांच्या वाहनांच्या, केबल दुरुस्त करणं हे माझं काम. या कामात सगळ्यात जास्त वेळ खातो तो जुना चिकटा. तारा जोडणं, सोल्डर करणं, पॉटिंग, म्हणजे जोड बंद करणारी राळ, ओतणं हे सगळं मिळून जेवढा वेळ घेत नाही, तेवढा वेळ जुनी टेप, तिच्याखालचा काळा राडा आणि श्रिंक स्लीव्हमधला, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणाऱ्या नळीतला, गोंद काढण्यात जातो. त्यासाठी मी बरेच दिवस संत्र्याच्या तेलावर बनलेला अ‍ॅडहेसिव्ह क्लीनर वापरते आहे. केबलच्या कामात तो कसा वागतो, याबद्दल नीट लिहिलेलं फारसं दिसत नाही, म्हणून हा रिव्ह्यू.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. हे क्लीनर वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि काम करणारा पदार्थ सगळ्यांत एकच असतो: डी-लिमोनीन. संत्र्याचा रस काढणाऱ्या कारखान्यांत उरलेल्या सालींतून हे तेल निघतं. घेताना पुढचं चित्र बघू नका, सुरक्षा माहितीपत्रकातला घटकांचा तक्ता बघा. कशात लिमोनीन मुख्य असतं, तर कशात ते नावापुरतं आणि बाकी पेट्रोलियम डिस्टिलेट असतं. दोन्ही काम करतात, पण दुसरा प्रकार पुसून काढायला जास्त मेहनत पडते. सिलिकॉन असलेला कुठलाही प्रकार मात्र केबलजवळ आणूच नका. त्याचं कारण पुढे येईल.

माझं मत आधीच सांगून टाकते. विनाइल टेपच्या चिकट्यावर याच्याइतकं गुणकारी आणि केबलला इतकं कमी त्रास देणारं दुसरं काही मी वापरलेलं नाही. पण हा शेवटचा क्लीनर नव्हे. याच्यानंतर दुसरा हात फिरवल्याशिवाय त्या जागी काहीही चिकटवायचं नाही. एवढी एक अट पाळायची तयारी नसेल तर हा डबा घेऊ नका.

आता चिकट्याबद्दल. आरओव्हीच्या केबलवर टेप कुठे कुठे असते? लांबीच्या खुणा करायला, फ्लोट बांधायला, वाहनाजवळ ताण घेणाऱ्या पकडीपाशी, आणि जिथे कुणी पूर्वी डेकवरच घाईत दुरुस्ती केली असेल तिथे. काळ्या विनाइल टेपला रबरी गोंद असतो. केबलचं रीळ उन्हात तापतं, टेपला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर गोंदात उतरतं, आणि थोड्याच काळात तो गोंद गोंद राहत नाही, डांबर होतो. टेप ओढली की ती एकटीच निघून येते आणि गोंदाचा थर केबलवर तसाच राहतो. त्यात वाळू, मीठ आणि केबलचे फ्लोटवर घासून निघालेले कण रुतलेले असतात. नखाने काढायला गेलं तर तो पसरतो. कोरड्या फडक्याने पुसलं तर फडक्याचे धागे त्याला चिकटतात.

इथे बहुतेकांचा हात पहिल्यांदा ब्लेडकडे जातो. ते करू नका. आरओव्हीच्या बहुतेक टेदरचं, म्हणजे वाहनाला जोडलेल्या केबलचं, बाहेरचं आवरण पॉलियुरेथेनचं असतं, आणि पाण्यात तरंगणाऱ्या केबलचं तर फोम केलेलं, म्हणजे आत हवेचे बारीक कप्पे असलेलं. त्यावर ब्लेडचा एक ओरखडा उठला की पुलीवरून वाकताना केबल त्याच जागी उघडायला लागते. आवरणाखाली केव्हलरचे, म्हणजे अ‍ॅरामिडचे धागे असतात. ताण ते पेलतात, पण घासणं त्यांना सोसत नाही. जपानचं काइको हे वाहन १९९५ मध्ये मारियाना गर्तेत १०,९११ मीटरपर्यंत गेलं होतं. मे २००३ मध्ये ते हरवलं, कारण लाँचर (वाहनाला खोलवर नेऊन सोडणारा भाग) आणि वाहन यांच्यामधली दुय्यम केबल तुटली. ती का तुटली याचा साफसफाईशी संबंध नाही, पण केबल गेली की वाहन गेलं, हे नीट उमगलं तर हातातलं ब्लेड आपोआप खाली ठेवलं जातं.

संत्र्याच्या तेलाची खरी खुबी इथे दिसते. मी फडक्याची अरुंद पट्टी क्लीनरमध्ये भिजवून, पिळून, चिकट्याभोवती गुंडाळते आणि वरून प्लास्टिकची फिल्म लावते, म्हणजे ते उडून जात नाही. मग दुसरं काम करते. थोड्या वेळाने फिल्म काढली की बदल डोळ्यांना दिसतो. आधी चकचकीत आणि ताणला जाणारा थर आता मंद, सुरकुतलेला झालेला असतो आणि कडेकडेने आवरणापासून सुटू लागलेला असतो. लाकडी चपट्या काडीचं टोक त्या कडेखाली घालून केबलच्या गोलाईने फिरवलं की तो गुंडाळ्या होऊन निघतो. लिमोनीन गोंदाला वरून पातळ करत बसत नाही. ते त्यात मुरतं, त्याला फुगवतं आणि खालची पकड सोडवतं. म्हणून वाट बघणं हाच यातला मुख्य भाग आहे. क्लीनर ओतून लगेच घासायला सुरुवात केली तर हाती फक्त काळं पाणी लागतं आणि तेच काळं पाणी केबलच्या स्वच्छ भागावर पसरतं.

पट्टी पिळून घ्या, असं मी म्हटलं ते उगाच नाही. या क्लीनरचा सगळ्यात मोठा धोका त्याच्या ताकदीत नाही, त्याच्या रेंगाळण्यात आहे. लिमोनीन सुमारे १७६ अंश सेल्सियसला उकळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल ८२ ला उकळतं, अ‍ॅसिटोन ५६ ला. म्हणजे अ‍ॅसिटोन बघता बघता उडून जातं आणि लिमोनीन तिथेच बसून राहतं. आवरणावर बसलं तर पुसता येतं. पण केबलचं कापलेलं टोक उघडं असेल तर ते अ‍ॅरामिडच्या धाग्यांतून वातीतल्या तेलाप्रमाणे वर चढतं, आणि तिथून त्याला बाहेर काढायचा मार्ग नाही. मग त्या टोकावर पॉटिंग ओतलं तर राळ धाग्यांना धरत नाही, आत बुडबुडे राहतात, आणि वरून जॉइंट अगदी देखणा दिसतो. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक बारने दाब वाढतो. ३०० मीटरवर ३० बारच्या आसपास दाब असताना पाणी तो देखणेपणा बघत नाही. ते धाग्यांच्या वाटेने चालत थेट इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यापर्यंत पोचतं.

म्हणून माझा नियम पक्का आहे. टोक आधी नव्या टेपने बंद करायचं, केबल अशी टांगायची की टोक वर आणि साफ करायची जागा खाली राहील, आणि टोकापासून तळहातभर अंतरात हा क्लीनर आणायचाच नाही. तेवढ्या भागावर चिकटा असेल तर तो आयसोप्रोपिलने आणि धीराने काढायचा. तारेवरचं पाणी रोखणारं जेल असतं, तेही मी कोरड्या फडक्याने आणि मग आयसोप्रोपिलने काढते. संत्र्याच्या तेलाने ते पटकन निघतं हे खरं, पण ते दोन्ही मिळून आत जातात.

आता तो दुसरा हात. लिमोनीननंतर आवरणावर एक तेलकट पापुद्रा राहतो. बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, आणि त्या पापुद्र्यात विरघळलेला गोंदही असतो. एका फडक्याने पुसत राहिलं तर तो फक्त जागा बदलतो. मी दोन फडकी घेते. एक ९९ टक्के आयसोप्रोपिलने ओलं, दुसरं कोरडं. ओलं फडकं एकाच दिशेने, टोकाकडून वाहनाच्या बाजूला न्यायचं, आणि ते वाळायच्या आत कोरड्याने त्याच दिशेने टिपून घ्यायचं. अल्कोहोल आपोआप वाळू दिलं तर त्यात विरघळलेली घाण परत तिथेच बसते. प्रत्येक फेरीला फडक्याची नवी घडी. फडकं पांढरं आणि धागे न सोडणारं हवं, कारण रंगीत कापडाचा रंग विरघळून आवरणात उतरतो. पांढऱ्यावर करडी छटा उमटायची थांबली की साफ झालं असं समजावं.

७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल शेवटच्या फेरीला घेऊ नका. उरलेले ३० टक्के पाणी असतं. दोन घटकांची पॉलियुरेथेन राळ ओलाव्याशी रिअ‍ॅक्शन करून कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि जिथे जोड सगळ्यात घट्ट हवा तिथेच फेस धरतो. ही बारीक गोष्ट पुष्कळ चांगल्या हातांकडूनही निसटते.

स्वच्छ झालं की नाही हे कसं ओळखायचं, असं मला नेहमी विचारतात. पाणी शिंपडून बघण्याची चाचणी धातूच्या पेनेट्रेटरवर, म्हणजे केबल डब्यात शिरते त्या तुकड्यावर, उत्तम चालते: पाणी सलग पसरलं तर साफ, थेंब झाले तर तेल आहे. प्लास्टिकच्या आवरणावर मात्र ती फसवते, कारण पॉलिथिलीनसारख्या आवरणावर पाणी एरवीही थेंबच धरतं. तिथे मी ताज्या टेपचा तुकडा दाबून लावते आणि झटक्यात ओढते. त्याच केबलच्या कधीच टेप न लागलेल्या भागावरही तेच करते. दोन्हीकडे ओढ सारखी लागली तरच पुढे जाते. मग १२० ग्रिटच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड पॉलिशपेपरने जागा खरखरीत करते, तीही केबलभोवती गोल घासून. लांबीच्या दिशेने घासलं तर प्रत्येक रेघ म्हणजे पाण्यासाठी आखून दिलेली वाट. घासल्यावर पुन्हा दोन फडक्यांची एक फेरी. आधी साफ, मग घासणं, हा क्रम उलटा झाला तर पॉलिशपेपर गोंदाला आवरणात कोंबतो.

हा क्लीनर कुठे कामाचा नाही, तेही सांगायला हवं, कारण डब्यावर 'सर्व प्रकारचे गोंद' असं बिनधास्त छापलेलं असतं. पूर्ण कडक झालेली इपॉक्सी याने हलत नाही. कडक झालेलं पॉलियुरेथेन पॉटिंगही नाही. रात्रभर भिजवून ठेवलंत तरी फार तर वरचा थर मऊ होईल, आणि तेवढ्या वेळात खालचं आवरण त्याहून जास्त मऊ झालेलं असेल. आवरणही पॉलियुरेथेन आणि पॉटिंगही पॉलियुरेथेन, तर त्यातलं एक विरघळवून दुसऱ्याला न दुखवणारं द्रव कुठून आणणार? जुन्या पॉटिंगमधून केबल सोडवायच्या नादी लागू नये. केबल मागे कापून ताज्या भागावर नवीन जोड करावा. म्हणूनच केबल बसवताना वाहनाच्या बाजूला दोन-चार जोडांपुरती लांबी राखून ठेवण्याबद्दल मी इतकी आग्रही असते.

आतून गोंद असलेल्या श्रिंक स्लीव्हचा हॉट मेल्ट, म्हणजे उष्णतेने वितळणारा गोंद, हा मधला प्रकार. त्यावर लिमोनीन कधी काम करतं, कधी नाही, गोंद कुठल्या जातीचा त्यावर अवलंबून. मी आधी उष्णतेने सुरुवात करते, पण हॉट एअर गन सतत हलती ठेवून, आणि तिच्या वाटेत हाताचं बोट ठेवून. बोटाला सोसवेना झालं की थांबायचं. गोंद मऊ असतानाच लाकडी काडीने ढकलून काढायचा. दुसरा उपाय उलट दिशेचा: थंड करणारा स्प्रे मारला की हॉट मेल्ट कडक होतो आणि पापुद्र्यांनी उडतो. पण थंड आवरण वाकवू नका, आणि केबलमध्ये ऑप्टिकल फायबर असेल तर या दोन्ही उपायांच्या भानगडीत पडू नका. उरलेल्या पातळ थरासाठी मात्र संत्र्याचं तेल पुन्हा उपयोगी पडतं.

सिलिकॉनवर हा क्लीनर बिनकामाचा. आणि सिलिकॉन हाच आमच्या कामातला सगळ्यात लपून राहणारा शत्रू आहे. निओप्रीनच्या सबकॉन या पाण्याखालच्या कनेक्टरला मॉलिकोट ४४ मीडियम ग्रीस लावायचं असतं, निर्मात्याची तशी सूचनाच आहे आणि ती योग्य आहे. पण ते सिलिकॉनचं ग्रीस आहे. कनेक्टर हाताळलेल्या हातमोज्यांनी केबलच्या आवरणाला हात लावला की तिथे ना राळ धरते ना टेप. आणि लिमोनीनने पुसलं तर तो पापुद्रा आणखी लांबवर पसरतो. ग्रीसच्या कामाचे हातमोजे वेगळे, जोडाच्या कामाचे वेगळे. यात मी कुणाचं ऐकत नाही.

हा क्लीनर कशाला इजा करतो? रबरांना. ईपीडीएमच्या ओ-रिंगा यात फुगतात. आपोआप एकजीव होणारी जी रबरी टेप आपण जोडावर वापरतो, तीही इथिलीन प्रॉपिलीन रबराची असते, म्हणून शेजारी चांगला जोड असेल तर त्यावर थेंबही जाऊ देऊ नये. निओप्रीनचे मोल्ड केलेले कनेक्टर मी याने कधीच पुसत नाही, त्यासाठी आयसोप्रोपिलचा स्प्रेच योग्य. पॉलिस्टायरीनचा फोम तर यात विरघळूनच जातो. काही तरंगत्या केबलचं आवरण पॉलियुरेथेन नसून थर्मोप्लास्टिक रबराचं असतं, तेही याच्यापासून लांब ठेवावं. आवरण कशाचं आहे हे माहीत नसेल तर केबलच्या टाकाऊ तुकड्यावर भिजलेली पट्टी अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि आधी-नंतर व्हर्नियरने जाडी मोजा. फुगलं, चिकट झालं किंवा छपाई पुसली गेली, तर त्या केबलसाठी दुसरा उपाय शोधा.

अ‍ॅसिटोनचं काय, हे कुणीतरी विचारणारच. चिकटा त्याने लवकर निघतो यात शंका नाही. पण अ‍ॅसिटोन पॉलियुरेथेनला फुगवतं, आणि फुगलेलं आवरण पूर्वीच्या जागी बसलं असं दिसलं तरी त्यातला ताण राहून जातो. शिवाय अ‍ॅक्रिलिकच्या घुमटावर किंवा नळीवर एक थेंब उडाला तर तडे जातात. आयसोप्रोपिलही अ‍ॅक्रिलिकला चालत नाही, तेव्हा केबल वाहनाला जोडलेली असतानाच काम करायचं असेल तर घुमट झाकून घ्या. धातूच्या पेनेट्रेटरवर, तोही सुटा काढलेला असताना, अ‍ॅसिटोन खुशाल वापरा. गंज सोडवायच्या स्प्रेने टेपचा चिकटा निघतो हेही खरं आहे, पण तो मागे तेल सोडण्यासाठीच बनवलेला असतो, आणि इथे आपल्याला नेमकं तेच नको असतं.

वास सुरुवातीला छान वाटतो आणि दिवसाच्या शेवटी डोकं चढवतो. वास गोड आहे म्हणून पदार्थ निरुपद्रवी आहे असं मानू नये. लिमोनीन ज्वलनशील आहे, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू शकते ते तापमान, ५० अंशांच्या आसपास, त्यामुळे हॉट एअर गन आणि भिजलेलं फडकं एकाच टेबलावर नको. हवेशी संबंध आल्यावर ते ऑक्सिडाइज होतं, आणि तसं झालेलं लिमोनीन त्वचेला अ‍ॅलर्जी आणतं. म्हणून अर्धा उघडा पडलेला जुना डबा संपवायच्या मोहात पडू नका, लहान डबा घ्या आणि झाकण लगेच लावा. नायट्राइलचे हातमोजे याला पुरतात. मात्र अ‍ॅसिटोनला तेच हातमोजे टिकत नाहीत, तिथे ब्युटाइल रबराचे लागतात. भिजलेली फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकायची. आणि यातलं काहीही डेकवरून समुद्रात जाऊ द्यायचं नाही. 'नैसर्गिक' असं लिहिलेलं असलं तरी लिमोनीन जलचरांना विषारी आहे.

पॅकिंगबद्दल थोडं. स्प्रेचा प्रकार केबलसाठी घेऊ नये, तो कुठे कुठे उडतो यावर ताबा राहत नाही. जेलचा प्रकार उभ्या केबलवर ओघळत नाही, हा त्याचा फायदा, पण त्याला घट्टपणा देणारा पदार्थ मागे राहतो आणि आयसोप्रोपिलच्या दोन फेऱ्या जास्त कराव्या लागतात. मला साधं द्रव आणि बारीक तोंडाची बाटली सगळ्यात सोयीची वाटते, कारण पट्टीवर नेमकं हवं तेवढंच घेता येतं.

रोज केबल हाताळणाऱ्या वर्कशॉपने हा क्लीनर जरूर ठेवावा. ज्यांच्याकडे वर्षातून एखादीच दुरुस्ती येते त्यांनी ९९ टक्के आयसोप्रोपिल, लाकडी काड्या आणि पांढरी फडकी एवढ्यावर भागवावं. वेळ जास्त लागेल, पण चुकीला जागा कमी राहील. जोड पूर्ण झाल्यावर दोन्ही टोकांची इलेक्ट्रॉनिक्स सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तारातारांमधला इन्सुलेशन रेझिस्टन्स घ्या, मग जोड पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा तारा आणि पाणी यांच्यामध्ये तोच घ्या. दुसरं रीडिंग घसरत असेल तर जोड कापा आणि पहिल्या फडक्यापासून परत सुरुवात करा.